ऊन काचेच्या बाहेरच अडवा

मंडळी, मोठमोठ्या काचांची घरं उन्हाळ्यात का तापतात आणि त्यावर काय करता येतं, एवढाच आजचा विषय. ‘एसी लावा’ हे उत्तर ऐकायला कुणी संध्याकाळ मोडून आलं नसेल, म्हणून आधी एक हिशेब मांडते.

पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटच्या हॉलची पश्चिमेची खिडकी आठ फूट रुंद आणि सात फूट उंच धरू. म्हणजे साधारण ५.२ चौरस मीटर काच. मे महिन्यात आकाश निरभ्र असलं, तर दुपारी चारच्या सुमारास त्या बाजूला दर चौरस मीटरला ६०० वॉटच्या आसपास ऊन पडतं. साधी पारदर्शक काच त्यातलं ८० टक्के आत सोडते. गुणाकार करा, अडीच हजार वॉट होतात. हॉलमध्ये दोन-अडीच इस्त्र्या तापवून ठेवाव्यात, तसं. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर काढतो. तेव्हा तुमच्या दीड टनाच्या एसीची जवळजवळ निम्मी ताकद त्या वेळी एकट्या खिडकीपायी खर्च होते.

ऊन काचेतून सहज आत येतं. फरशी, सोफा, भिंत तापते आणि तापलेल्या वस्तू जी उष्णता बाहेर टाकतात ती लांब लहरींची असते. ती काचेतून आरपार जात नाही. वर खिडक्या बंद, म्हणजे गरम हवाही कोंडलेली. म्हणूनच मघाशी ज्या काकांनी विचारलं, ‘जाड पडदे लावलेत, तरी खोली तापते, असं का?’ त्यांचं उत्तर यातच आहे. पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे ते घरात आलेलंच असतं. गडद पडदा स्वतःच तापून बसतो. पांढरा, काचेला लागून असलेला पडदा थोडं ऊन परत बाहेर पाठवतो. लावायचाच तर तो लावा. पण तेच ऊन काचेच्या बाहेर अडवलं, तर तीन-चतुर्थांशाहून जास्त उष्णता घरात शिरतच नाही.

आता दिशा. याबाबत लोकांचे बरेच गैरसमज आहेत. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईत त्यानंतर एक-दोन दिवसांत आणि नागपुरात २६ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर. म्हणजे ऐन मे महिन्यात दक्षिणेच्या खिडकीवर सरळ ऊन जवळजवळ पडतच नाही, छोटासा छज्जा पुरतो. शिवाय थंडीत याच खिडकीतून हवंहवंसं ऊन आत येतं. खरा त्रास पूर्व-पश्चिमेचा, त्यातही पश्चिमेचा, कारण तिथे सूर्य खालून मारा करतो. पुण्यात मेमध्ये संध्याकाळी पाचला तो क्षितिजापासून २७ अंशांच्या आसपास असतो. दोन फुटांचा छज्जा तेव्हा भिंतीवर जेमतेम एक फूट सावली टाकतो. खालची सहा फूट काच उघडीच. पश्चिमेला आडवा छज्जा कामाचा नाही. उभं काहीतरी हवं, नाहीतर खोल व्हरांडा.

वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी मुंबईत कंबाला हिलवर ‘कांचनजुंगा’ ही राहत्या घरांची उंच इमारत बांधली, ती १९८३ मध्ये पूर्ण झाली. समुद्राचा वारा पश्चिमेचा, देखावा पश्चिमेचा आणि तापतं ऊन, झोडपणारा पाऊस तोही पश्चिमेचाच. त्यांनी घरांना दुमजली उंचीच्या खोल गच्च्या दिल्या. जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याचीच ती युक्ती. चंदीगडची आखणी करणारा वास्तुविशारद ल कॉर्बुझिए, त्याला काचेतून येणारं ऊन त्याआधीच नडलं होतं. १९३३ साली पॅरिसमध्ये साल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थेच्या इमारतीची अख्खी दर्शनी बाजू त्याने न उघडणाऱ्या काचेची केली. उन्हाळ्यात आतली माणसं उकडून निघाली, आणि महायुद्धानंतर त्या काचेबाहेर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. अहमदाबादच्या मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीत मात्र त्याने पश्चिमेला तिरक्या, खोल काँक्रीटच्या पट्ट्या सुरुवातीपासूनच दिल्या.

आपण काय करतो? बिल्डरने दिलेली गॅलरी आत घेतो! सावली देणारी चार फुटांची जागा काढून तिथे स्लायडिंग काच बसवतो आणि हॉल मोठा झाला म्हणून खूश होतो. मला विचाराल, तर पश्चिमेची गॅलरी बंद करण्याइतका महागडा उद्योग दुसरा नाही. त्याचं बिल दर उन्हाळ्यात येतं.

काचेबद्दल थोडक्यात. दुहेरी काच म्हणजे रामबाण, असं विक्रेते सांगतात. बाहेरच्या गरम हवेला ती रोखते, आवाजही कमी करते; पण दोन्ही काचा साध्या असतील तर ऊन ७० टक्क्यांच्या आसपास आत येतंच. खास लेप दिलेली काच ते ३० टक्क्यांपर्यंत आणू शकते. म्हणून विकत घेताना सौर उष्णतेचा गुणांक, म्हणजे उन्हाचा किती हिस्सा आत येतो तो आकडा, किती हे विचारा. जितका कमी तितकं बरं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको-निवास संहितेतही नव्या घरांच्या भिंती-खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातलेली आहे. जुन्या काचेवर फिल्म लावायची असेल, तर जपून. ऊन शोषणारी गडद फिल्म काच तापवते आणि अर्धी सावलीत, अर्धी उन्हात असलेली साधी काच तडकू शकते.

वारा कधी घ्यायचा, हे गावावर आहे. नागपुरात बाहेर ४५ अंश असताना खिडकी उघडणं म्हणजे भट्टीचं दार उघडणं. तिथे दिवसा सगळं बंद, वाळ्याचा कूलर, आणि रात्री सगळं सताड उघडं. मुंबईच्या दमट हवेत कूलर जवळपास निरुपयोगी, तिथे आरपार वाराच हवा. पण स्लायडिंगची खिडकी कितीही सरकवली तरी जेमतेम निम्मी उघडते. खिडक्या बदलायच्याच असतील, तर बाहेर उघडणाऱ्या झडपांच्या घ्या.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी सगळ्यात स्वस्त उपाय नर्सरीत मिळणारं शेडनेट, म्हणजे झाडांवर सावलीसाठी ताणतात ती जाळी. काचेपासून वीतभर अंतर सोडून बाहेर ताणायचं, म्हणजे मधून हवा खेळते. बांबूचे चिक त्याहून देखणे. दोन्ही गुंडाळता आले पाहिजेत, कारण वळवाच्या वादळात वरच्या मजल्यावरून ते उडून कुणाच्या तरी गाडीवर पडतील. आणि सोसायटी ‘इमारतीचं रूप बिघडतं’ म्हणून हरकत घेते, हा तुमचा अनुभव असेलच. त्यावर एकच रंग, एकच माप, अडकवायला एकाच पद्धतीचे हूक, असा ठराव फेब्रुवारीतल्या सभेत करून घ्या. एप्रिलमध्ये विषय काढलात, तर मंजुरी मिळेपर्यंत पाऊस आलेला असेल.