पेशी चाचपून बघते

एक करा. बोटाने गाल दाबा. आता तेच बोट कपाळावर दाबा. हा जो फरक तुमच्या बोटाला कळला ना, तो एकट्या पेशीलाही कळतो. आणि पुढे आपण काय व्हायचं, हे ती बरंचसं त्यावरून ठरवते!

२००६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेनिस डिशर यांच्या प्रयोगशाळेत अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी (स्टेम सेल, ज्यांचं पुढे काय व्हायचं ते अजून ठरलेलं नसतं) घेतल्या आणि जेलवर वाढवल्या. खाद्य सगळ्यांना तेच. बदलला फक्त जेलचा कडकपणा. मेंदूइतक्या मऊ, म्हणजे १ किलोपास्कलच्या (हे कडकपणा मोजायचं एकक) आतल्या जेलवर पेशींना फांद्या फुटल्या, चेतापेशीसारख्या. १० किलोपास्कलच्या आसपास त्या स्नायूपेशीसारख्या लांबट झाल्या. २५ ते ४० वर हाडाकडे झुकल्या. (पूर्ण हाड किंवा स्नायू झाला नाही हं, मथळे वाचून तसं वाटतं.)

हे कळतं कसं? पेशीच्या पडद्यात इंटेग्रिन नावाची प्रथिनं असतात. बाहेरून ती कोलॅजेनसारखे तंतू धरतात, आतून पेशीच्या सांगाड्याला जोडलेली. पेशी सतत हे तंतू ओढत असते. तंतू सैल पडला तर समजायचं, आजूबाजूला मऊ आहे. हललाच नाही, तर आत ताण वाढतो, याप नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि वेगळी जनुकं चालू होतात. रस्सीखेचच म्हणा ना.

आता गंमत बघा. प्रयोगशाळेत पेशी वर्षानुवर्षं वाढवतात त्या प्लॅस्टिकच्या बशीत, आणि ते प्लॅस्टिक मेंदूपेक्षा लाखो पटींनी कडक! मला तर वाटतं, तिथल्या कित्येक निष्कर्षांकडे जरा संशयानेच बघावं.

स्तनातली कॅन्सरची गाठ हाताला कडक लागते, कारण तिथे कोलॅजेन साचून घट्ट विणलं जातं. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात मीना बिसेल यांच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरपेशी मऊ जेलमध्ये वाढवल्या आणि एका इंटेग्रिनची पकड अँटिबॉडीने रोखली. जनुकांतला बिघाड तसाच होता, तरी बेशिस्त वाढ थांबली आणि पेशींनी निरोगी ग्रंथीसारखे नीटनेटके गोळे केले.

याला कॅन्सरवरचा इलाज समजू नका. त्याच पेशी सुट्या करून अँटिबॉडीशिवाय परत वाढवल्या, तर पहिले पाढे पंचावन्न.