अकरा पेरांची मुंगी

(दृश्य: पहाट. औट्रम घाटाच्या माथ्यावरून दिसणारी डोंगररांग.)

कन्नडहून चाळीसगावकडे निघालं की पठार एकाएकी संपतं आणि औट्रम घाट सुरू होतो. मराठवाड्याची ही कड. खाली खानदेश. याच डोंगरांत गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं, १९८६ साली जाहीर झालेलं. लोक इथे येतात ते पितळखोऱ्याची लेणी बघायला, नाहीतर पावसाळ्यात धबधब्यांखाली भिजायला. आम्ही आलो फाल्गुनात. साग उघडा पडलेला, पळस पेटलेला. आम्हाला जे हवं होतं, ते झाडांवर पानं असताना दिसत नाही.

(दृश्य: धावड्याच्या बेचक्यातलं घरटं. कॅमेरा हळूहळू जवळ.)

हे बघा. लांबून वाटतं, कुणी शेणाचा गोळा थापून ठेवलाय. जवळ गेलं की थर दिसायला लागतात. एकावर एक, कौलांसारखे उतरते, पावसाचं पाणी वरच्यावर निघून जावं असे. झाडाचा चोथा चावून, लाळेत कालवून मुंग्यांनी हा पुठ्ठा तयार केलाय. हाताशी ना माती, ना ओलावा, आणि घर मात्र माणसाच्या डोक्याएवढं.

अभयारण्यातली एक मुंगी उचलायची तरी वनविभागाची परवानगी लागते, आणि लागायलाच हवी. आमच्याबरोबर आलेले वनमजूर चार पावलं मागेच थांबले होते. “हात नका लावू सर. लई चावतात.”

(दृश्य: काडीचा हलका टकोरा. मुंग्या बाहेर. अगदी जवळून.)

आता नीट पाहा. पोट वर उचललंय, थेट डोक्याच्या वर. वरून पाहिलं तर त्याचा आकार बदामाच्या पत्त्यासारखा, टोकाला निमुळता. त्या टोकाशी पांढुरका थेंब दिसतोय का? ते विष. या मुंगीची नांगी टोचण्यापेक्षा फासायच्या कामाची. टोक चपटं असतं, चमच्यासारखं. तिला पोट असं वळवता येतं, कारण तिच्या कमरेचा दुसरा मणी पोटाला समोरून जोडलेला नसून वरच्या बाजूनं जोडलेला आहे. ही एवढी खूण पटली की प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, पटली: क्रेमॅटोगॅस्टर. प्राणिशास्त्रज्ञ लुंड यांनी १८३१ साली दिलेलं नाव.

आमच्या विद्यार्थिनीनं शोषनळीनं बारा कामकरी मुंग्या टिपल्या आणि अल्कोहोलच्या कुपीत सोडल्या. घरटं आम्ही फोडलं नाही.

(दृश्य: महाविद्यालयाची प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाखाली मुंगी.)

खरं काम इथे सुरू होतं. जाड कागदाचा इवला त्रिकोण कापायचा, त्याच्या टोकाला डिंकाचा ठिपका, त्यावर मुंगी, आणि त्रिकोणातून टाचणी. हात थरथरला तर पाय तुटतो. पाय तुटला की दुसरी मुंगी घ्यायची.

मग ओळख पटवायच्या तक्त्यातला एकेक प्रश्न. कमरेला मणी किती? आपल्या घरातल्या काळ्या मुंगळ्याला एकच असतो, हिला दोन. म्हणजे मुंग्यांच्या कुलातला मोठा गट, उपकुल मिर्मिसिनी. शृंगिकेची, म्हणजे डोक्यावरच्या मिशीची, पेरं किती? या उपकुलातल्या पुष्कळ मुंग्यांत बारा भरतात. आमच्या विद्यार्थिनीनं तीनदा मोजली, सुई धरून, खालून वर. अकरा. कमरेचा पहिला मणी चपटा, त्यावर उंचवटा नाही. वक्षाच्या मागच्या टोकाला दोन काटे. दुसऱ्या मण्यावर मधोमध उभी खाच. ही खाच महत्त्वाची. २०१२ साली या प्रजातीची नव्यानं मांडणी झाली, तिच्यातले जुने डझनभर उपगट मोडून दोनच ठेवले गेले, आणि ते दोन वेगळे ओळखायला ही खाच कामी येते.

इथपर्यंत वाट सरळ होती. पुढे प्रश्न येतात काट्यांच्या लांबीचे, डोक्यावरच्या बारीक रेघांचे, अंगावरच्या केसांचे. भारतातून मुंग्यांच्या ८०० हून अधिक जाती नोंदल्या आहेत, आणि क्रेमॅटोगॅस्टरच्या कित्येक जाती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या की डोळा हरतो.

(दृश्य: जुना नकाशा. मुंबई इलाखा आणि निजामाचं राज्य.)

या मुंग्यांना नावं मिळाली कशी, तेही बघू. आर. सी. रॉटन हे मुंबई इलाख्यातले वनाधिकारी. ते मुंग्या जमवत आणि स्वित्झर्लंडला ऑग्युस्त फोरेल यांच्याकडे पाठवत. फोरेल पेशानं मनोविकारतज्ज्ञ, पण मुंग्यांचा नाद लहानपणापासूनचा. १९०२ साली त्यांनी याच प्रजातीतल्या एका जातीला रॉटन यांचं नाव दिलं. दुसऱ्याच वर्षी बिंगहॅम यांचा ब्रिटिश भारतातल्या मुंग्यांवरचा खंड आला. आजही आमच्या टेबलावर त्याची छापील पानं आहेत.

पण नकाशा पाहा. घाटाखालचं चाळीसगाव इलाख्यात, घाटावरचं कन्नड निजामाच्या राज्यात. सरहद्द याच कड्यावरून जायची, थेट १९४८ पर्यंत. मुंग्यांना ती ठाऊक नव्हती. रॉटन यांची नोकरी मात्र सरहद्दीच्या पलीकडली होती. म्हणून या डोंगरातली एक टाचणी, एक चिठ्ठी आम्हाला इतकी मोलाची वाटते. गौताळ्यात मुंग्या आहेत हे गुराख्यालाही माहीत आहे. कुठली मुंगी, कुठल्या झाडावर, कुठल्या दिवशी, हे कुणी लिहिलं तरच ते पुढच्या माणसाच्या हाती लागतं.

(दृश्य: डोंगरउतारावर जळून काळं पडलेलं गवत.)

वणवा आला की असं घरटं वाळल्या गोवरीसारखं जातं.

(दृश्य: पुन्हा प्रयोगशाळा. संध्याकाळ.)

शेवटच्या पायरीवर दोन नावं उरली. आमच्या मुंगीचे काटे एकीपेक्षा आखूड, दुसरीपेक्षा लांब. आता हिचे फोटो आणि मापं मूळ नमुन्यांशी ताडून पाहावी लागतील. फोरेल यांचा संग्रह जिनिव्हाच्या संग्रहालयात आहे. एक पाय डीएनए तपासणीसाठी वेगळ्या कुपीत ठेवलाय. घाईनं नाव लावणं सोपं होतं. आम्ही ते केलं नाही.

(दृश्य: चिठ्ठी लिहिणारा हात. अगदी जवळून.)

चिठ्ठी नखाएवढी. बारीक निबाचं पेन. गौताळा, तालुका कन्नड. तारीख. समुद्रसपाटीपासूनची उंची. झाड: धावडा, बेचक्यातलं घरटं. खाली, क्रेमॅटोगॅस्टर. त्यापुढची जागा कोरी.