फुलपाखरांची मोजदाद

श्रोतेहो, नमस्कार. एखाद्या जंगलात फुलपाखरांच्या किती जाती आहेत, असे विचारले की बहुधा एका आकड्यात उत्तर मिळते. तो आकडा कोणत्या ऋतूत, किती तास आणि कशा रीतीने हिंडून हाती आला, हे मात्र सांगायचे राहून जाते. माझ्या मते तेवढे ठाऊक नसेल, तर आंबोलीची यादी तिलारीच्या यादीशी ताडून पाहण्यात काही अर्थ नाही.

गणनेची रूढ पद्धत अर्नेस्ट पोलार्ड यांनी १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये बसवली आणि १९७६ पासून तिच्याच आधारे ब्रिटनमध्ये नियमित नोंदी सुरू झाल्या. ठरलेल्या वाटेने संथ, एकसारख्या गतीने चालायचे आणि दोन्ही अंगांना अडीच-अडीच मीटर व समोर पाच मीटर एवढ्याच टापूत दिसतील ती फुलपाखरे टिपायची. टापूबाहेर आपले राज्य फुलपाखरू नीलवंत कितीही डौलात तरंगत असले, तरी गणनेत ते धरायचे नाही. हौशी निरीक्षकाला हा नियम फार जड जातो.

सह्याद्रीच्या सदाहरित रानात मात्र एवढ्याने भागत नाही, कारण उंच झाडांच्या शेंड्यांशी वावरणाऱ्या जाती वाटेवरून दिसतच नाहीत. त्यासाठी वनखात्याची परवानगी काढून फांदीला सापळा टांगतात. सापळा म्हणजे जाळीची उभी, वरून बंद नळी. तिच्या खालच्या तोंडाशी थोडी फट ठेवून थाळी बांधलेली असते आणि थाळीत आंबवलेली केळी असतात. फुलांकडे क्वचितच फिरकणारी, ‘नवाब’ नावाच्या जातीसारखी फुलपाखरे त्या वासाने येतात, रस पिऊन झाला की सवयीने वर उडतात आणि जाळीत अडकतात. ओळख पटवून, नोंद करून त्यांना सोडून दिले जाते. नीलवंताचे कुळ किंवा पांढरी-पिवळी फुलपाखरे मात्र केळ्यांना भुलत नाहीत, तेव्हा सापळा लावला म्हणून चालणे सुटत नाही.

ओळख पटवतानाही चकवे असतात. कॉमन ईव्हनिंग ब्राउन या फुलपाखराच्या पंखांच्या खालच्या बाजूवर पावसाळ्यात डोळ्यांसारखे ठसठशीत ठिपके असतात; कोरड्या ऋतूतल्या पिढीत ते जवळजवळ नाहीसे होतात आणि पंख हुबेहूब वाळलेल्या पानासारखा दिसतो. नवखा माणूस एकाच जातीची दोनदा नोंद करतो. ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर क्षार शोषायला जमलेल्या थव्यात बहुतेक नरच असतात, त्यामुळे त्या थव्यावरून नर-माद्यांचे प्रमाण काढणे फसवे ठरते.

आणि न दिसलेल्या जातींचे काय? संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या सूत्रात एकदाच आणि दोनदाच दिसलेल्या जातींना महत्त्व आहे. समजा, १२० जाती आढळल्या. त्यांतल्या २० एकेकदाच दिसल्या आणि १० दोन-दोनदा. २० चा वर्ग ४००. त्याला १० च्या दुपटीने भागले की २० उरतात. म्हणजे आणखी निदान २० जाती नजरेतून सुटल्या आहेत. हा अंदाज किमान आहे, कमाल नव्हे. तेव्हा अहवालात १२० च्या शेजारी ‘अंदाजे किमान १४०’ असे लिहावे आणि चाललेले तास व टांगलेले सापळेही त्याच ओळीत नोंदवावेत.