घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे

मघाशी चहाच्या वेळी एकांनी मला गाठलं. "साहेब, इतकी वर्षं बिनचूक घरपट्टी भरतोय, मग घर अनधिकृत कसं?" बोलायला इथूनच सुरुवात करतो, कारण हा समज घरोघरी आहे.

घरपट्टी हा कर आहे, परवानगी नाही. बांधकाम बेकायदा असलं तरी महापालिका कर घेतेच. वर महापालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ खाली कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, लावू शकते, आणि ती भरली म्हणून घर नियमित होत नाही, हेही त्याच कलमात आहे. लाइटबिलाचंही तसंच. घर अधिकृत ठरतं ते मंजूर नकाशावर आणि भोगवटा प्रमाणपत्रावर, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्यावर राहायला मिळणाऱ्या परवानगीवर. त्याच्याही आधी प्रश्न येतो जमिनीच्या झोनचा, म्हणजे आराखड्यात ती कशासाठी ठेवली आहे याचा.

सातबारा पाहून लोक इसार देतात. सातबाऱ्यावर मालक कळतो, पीक कळतं, बोजा कळतो; विकास आराखड्यात ती जमीन रहिवासात आहे की शेतीत, त्यावरून रस्ता जातो की नाही, हे कळत नाही. त्यासाठी नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा, म्हणजे आराखड्यातला आपल्या जमिनीपुरता नकाशा, काढायचा. फी किरकोळ असते. एजंट म्हणतो, "एनए, म्हणजे बिनशेती, होऊन जाईल." मग आधी होऊ द्या की, घाई कुणाला आहे?

याच घाईतून गुंठेवारी उभी राहिली. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एक-दोन गुंठ्यांची नोंद वेगळी होईना, म्हणून दहा-पंधरा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर. रस्ते दहा फुटी, गटार नाही. सरकारने २००१ मध्ये नियमितीकरणाचा कायदा केला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. पैसे भरून कागद नीट होतो; रस्ता मात्र दहा फुटीच राहतो, अग्निशमनाचा बंब काही आत शिरत नाही.

नदीकाठच्यांनी जरा नीट ऐका. पाटबंधारे खात्याच्या दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं घर बांधता येत नाही. दोन्हींच्या मध्ये अटींवर बांधता येतं, आणि त्यातली मुख्य अट म्हणजे जोतं, म्हणजे घराचा चौथरा, लाल रेषेच्या पातळीच्या वर हवं. २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

विकास आराखड्यात प्लॉटवर बागेचं किंवा शाळेचं आरक्षण पडलं की माणूस हातपाय गाळतो. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जमीन संपादित झाली नाही, तर १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालकाने नोटीस द्यायची. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे रद्द होतं. पण ते आपोआप होत नाही. नोटीस मालकानेच द्यायची, हक्काचे कागद जोडून, आणि पोच घेऊन.

आता रोजची भांडणं. साइड मार्जिन, म्हणजे घराच्या बाजूने सोडलेली जागा, तुमच्याच मालकीचं असतं, पण तिथे पत्रा टाकून खोली काढता येत नाही. ती मोकळी जागा उजेड-वाऱ्यासाठी आणि आग लागली तर आत शिरायला ठेवलेली असते. तुमच्या पत्र्याची पागोळी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडली, तर तो तक्रार करणार आणि त्याचं बरोबरच असणार. अंगणातलं झाडही, स्वतः लावलेलं असलं तरी, शहरी हद्दीत १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगीशिवाय तोडायचं नाही. आणि इमारतीला ३० वर्षं झाली असतील, तर संरचनात्मक तपासणी करून घेणं ही मालकाची आणि राहणाऱ्यांची जबाबदारी. बिल्डर त्यासाठी परत येत नसतो.

आता प्रश्न घेऊ. ज्यांनी भाग नकाशे आणलेत, त्यांनी पुढे या. टेबलावर पसरून बघू.