सुराचं वय: गिटार आणि टेप-लूपचं संगीत ऐकताना

आत्ता ऐकवलेला नमुना चाळीस सेकंदांचा होता. त्यात गिटारची तार एकदाच छेडली आहे. तुम्हाला ती आठ वेळा ऐकू आली, दर पाच सेकंदांनी. आता तोच नमुना पुन्हा लावतो. आवाज किती कमी होतोय याकडे या वेळी लक्ष देऊ नका. तारेला प्लेक्ट्रम, म्हणजे छेडायची छोटी पट्टी, लागते तेव्हाचा बारीक ‘टक्’ कितव्या फेरीला नाहीसा होतो, तेवढंच बघा आणि हात वर करा.

(नमुना पुन्हा ऐकवला.)

बरेच हात तिसऱ्या-चौथ्या फेरीला वर गेले. म्हणजे सूर पुढे आणखी चार फेऱ्या टिकला, पण छेडल्याची खूण त्याच्या कितीतरी आधी गेली. आजचा सगळा विषय त्या ‘टक्’मध्ये आहे. गिटार आणि टेपच्या या संगीताला पुनरावृत्तीचं संगीत म्हणतात आणि मग तेच तेच वाजतं अशी तक्रार होते. तेच तेच काही वाजत नाही. सूर दर फेरीला थोडा म्हातारा होऊन परत येतो, आणि ऐकायचं ते त्याचं वय.

यंत्रणा साधी आहे. रिळाचे दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवायचे. डावीकडच्यावर भरलेलं रीळ, उजवीकडच्यावर रिकामं. टेप पहिल्याच्या हेडवरून, म्हणजे आवाज टेपवर चढवणाऱ्या किंवा वाचणाऱ्या भागावरून, निघते, मधली मोकळी जागा ओलांडते, दुसऱ्याच्या हेडवरून जाते आणि रिकाम्या रिळावर गुंडाळली जाते. पहिलं यंत्र फक्त रेकॉर्ड करतं, दुसरं फक्त वाजवतं. दुसऱ्याचा आवाज स्पीकरला जातो आणि त्यातलाच काही हिस्सा मिक्सरमधून, म्हणजे आवाज मिसळून कमीजास्त करणाऱ्या यंत्रातून, पुन्हा पहिल्याच्या इनपुटला. गिटार वाजवलेला क्षण किती उशिरा परत येणार, हे पहिल्याच्या रेकॉर्ड हेडपासून दुसऱ्याच्या प्लेबॅक हेडपर्यंत किती लांब टेप आहे यावर ठरतं. सेकंदाला १९.०५ सेंटिमीटर या वेगाला साधारण ९५ सेंटिमीटर टेप म्हणजे पाच सेकंद. वेग निम्मा केला की तेवढीच टेप दहा सेकंदांची होते. इथे वेळ मोजपट्टीने मोजतात.

या जोडणीत नेहमी फसतं ते मधल्या टेपपाशी. दोन्ही यंत्रांचे कॅप्स्टन, म्हणजे टेप पुढे सरकवणारे फिरते दांडे, टेप ओढत असतात. त्यांच्या वेगात हजारात एकाचा फरक असला, तरी वीस मिनिटांत मधे २३ सेंटिमीटर टेप जास्तीची साचते, नाहीतर तेवढीच कमी पडून ताणली जाते. साचली तर टेप झोळीसारखी लोंबते आणि फेरी एक सेकंदाहून जास्त लांबते. ताणली गेली तर सूर वरखाली डुलतो. ऐकताना फेरी सावकाश बदलतेय असं वाटलं, तर तो भास असेलच असं नाही.

अमेरिकन संगीतकार टेरी रायली याने पॅरिसमध्ये १९६३ साली फ्रेंच रेडिओच्या एका तंत्रज्ञाच्या मदतीने दोन यंत्रांची ही जोडणी वापरली. त्यात चेट बेकरचं ट्रम्पेट होतं. पुढे तिला टाइम लॅग ॲक्युम्युलेटर हे नाव मिळालं. संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरॉस हिने १९६६ मध्ये टेपचा असाच उशीर इलेक्ट्रॉनिक ध्वनींसाठी वापरला. गिटार आली ती सप्टेंबर १९७२ मध्ये. लंडनमध्ये संगीतकार ब्रायन ईनोच्या घरी गिटारवादक रॉबर्ट फ्रिप गिटार घेऊन बसला, आणि रेव्हॉक्स ए-७७ जातीच्या दोन यंत्रांवर एकवीस मिनिटांची एक रचना झाली. १९७३ मध्ये निघालेल्या त्यांच्या रेकॉर्डची पहिली बाजू ती हीच. त्यात फ्रिपचे काही सूर लूपमध्ये, म्हणजे परत परत फिरणाऱ्या आवाजात, साठत जातात, आणि काही वरून निघून जातात, परत येत नाहीत. लूपमध्ये काय जायचं आणि काय नाही हे मिक्सरवर बसलेला ईनो ठरवत होता. त्यामुळे ही रचना दोघांनी मिळून वाजवली, असंच मी म्हणेन.

परत येणाऱ्या आवाजाची पातळी ठरवणारा मिक्सरवरचा खुंटा सगळ्यात नाजूक. दर फेरीला आवाज सहा डेसिबलने उतरत असेल, तर दहा फेऱ्यांत तो साठ डेसिबल खाली जातो. पाच सेकंदांच्या फेरीला हे झाले पन्नास सेकंद. तीन डेसिबलने उतरवला तर शंभर सेकंद. अजिबात उतरवला नाही तर सूर जातच नाही, आणि खुंटा त्याच्याही पुढे गेला की दोन-तीन मिनिटांत सगळं एका घोंघावण्यात बुडतं. म्हणून या संगीतात चूक पुसता येत नाही. भलत्या जागी पडलेला कोमल सूर दीड मिनिट मुक्कामाला राहतो. जाणकार वाजवणारा सुरुवातीला षड्ज, पंचम आणि वरचा षड्ज एवढंच टाकतो. गंधार सगळ्यात उशिरा, कारण तो आला की स्वरचित्र ठरून जातं आणि मागे फिरता येत नाही. ऐकताना तो गंधार कितव्या मिनिटाला येतो ते जरूर बघा.

गिटारच का, हेही यातच आहे. छेडलेल्या तारेला दोन भाग असतात: आधी आघात, मग लांबण. आघात तसाच लूपमध्ये गेला तर दर पाच सेकंदांनी ठोका पडतो, कान मोजायला लागतो आणि सगळं घड्याळ होऊन बसतं. म्हणून पायाखाली व्हॉल्यूम पेडल असतं. ते बंद ठेवून तार छेडायची, लगेच हळूहळू उघडायचं. आघात गाळला जातो, फुलत येणारा सूर तेवढा टेपवर चढतो. नवख्यांचा पाय घाईने उघडतो आणि अर्धा ‘टक्’ आत शिरतो. कुणाच्याही रेकॉर्डिंगमध्ये हा अर्धवट ‘टक्’ सापडतो, आणि एकदा सापडला की दर फेरीला ऐकू येत राहतो.

आता वयाकडे. सूर दोन प्रकारे म्हातारा होतो. दोन यंत्रांच्या जोडणीत दर फेरीला नकलेची नक्कल होते: वरची कंप्रता थोडी बोथट होते आणि टेपची सळसळ थराथराने वाढते. वेगातली सूक्ष्म थरथरही आत मुरते. ४४० हर्ट्झचा सूर दुसऱ्या फेरीला हजारात एकाने वर गेला, तर मूळ सुराशी त्याचं आंदोलन होतं, म्हणजे दोन्ही मिळून आवाज सावकाश लहानमोठा होत राहतो, साधारण दर सव्वादोन सेकंदांनी एक लाट. ११० हर्ट्झच्या खर्जात तीच लाट नऊ सेकंदांची होते. या संगीतात जो श्वास जाणवतो त्याचा बराच भाग असा यंत्रातून आलेला असतो. वाजवणाऱ्याला त्याचं श्रेय देऊ नका, पण तो ऐका.

दुसरा प्रकार झिजेचा. टेपची दोन टोकं जोडून केलेल्या खऱ्या लूपमध्ये नक्कल होत नाही. तोच तुकडा पुन्हा पुन्हा हेडवर घासला जातो. टेप आणि हेड यांच्यात पाच मायक्रॉनची फट पडली, धुळीने किंवा ढिलाईने, तर १९ सेंटिमीटरच्या वेगाला दहा हजार हर्ट्झचा आवाज चौदा डेसिबलने उतरतो आणि एक हजार हर्ट्झचा जेमतेम दीड. म्हणून झिजलेल्या टेपमध्ये धार आधी जाते आणि गाभा शेवटपर्यंत राहतो. संगीतकार विल्यम बसिन्स्की याने १९८०च्या दशकातले आपले जुने लूप २००१ मध्ये डिजिटल करायला घेतले, तेव्हा वाजता वाजताच त्यांच्यावरचा चुंबकीय थर गळत होता. त्यातून झालेली पहिली रचना तासाहून मोठी आहे. तिच्यात झीज दर मिनिटाला कळत नाही. दहाव्या आणि चाळिसाव्या मिनिटाची तुलना केली की कळते. ती गिटारची नाही, पण झीज ऐकायला शिकायची असेल तर तिच्यापासून सुरुवात करा.

लूपची दोन टोकं जिथे जुळतात त्या जोडाबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण अनेक रेकॉर्डिंगमध्ये तो ऐकू येतो आणि बहुतेक श्रोते त्याला वाद्य समजतात. पाव इंची टेपची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर रुंदीची, दोन टोकं ४५ अंशांत तिरकी कापून भिडवतात. तिरका काप हेडवरून जायला टेपच्या रुंदीएवढंच अंतर लागतं, म्हणजे १९ सेंटिमीटरच्या वेगाला साधारण ३३ मिलिसेकंद. तेवढ्यात जुना आवाज मावळतो, नवा उगवतो. सरळ ९० अंशांत कापलं तर ही सोय नाही. आवाज एका क्षणात तुटतो आणि ठिणगीसारखा आवाज येतो. ब्लेडला चुंबकत्व आलं असेल तर काप कितीही तिरका असो, जोडावर टिचकी वाजणारच. चिकटपट्टी टेपच्या पाठीवर लावायची, चुंबकीय बाजूला नाही, आणि रुंदीला टेपपेक्षा किंचित कमी. घरातली साधी चिकटपट्टी लावली तर काही दिवसांत गोंद कडेने झिरपतो, हेडला चिकटतो आणि दर फेरीला लूप अडखळतो. आणखी एक गंमत: जोडताना टेपला अर्धा पीळ पडला तर एक फेरी सरळ वाजते आणि पुढची उलट्या बाजूने. उलट्या फेरीत हेड आणि थर यांच्यामध्ये प्लास्टिक येतं आणि आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा होतो. काही जण हा पीळ मुद्दाम घालतात. एक फेरी स्पष्ट, एक बुजलेली असं ऐकू आलं तर पिळाचा संशय घ्या.

आता एकाहून जास्त लूप. ईनोच्या १९७८च्या विमानतळावरच्या संगीतात एका रचनेत गायलेले सूर वेगवेगळ्या लांबीच्या लूपवर आहेत. त्यातल्या तीन लांब्या त्याने स्वतः सांगितल्या आहेत: साडेतेवीस सेकंद, २५ पूर्णांक ७/८ आणि २९ पूर्णांक १५/१६. लघुतम साधारण विभाज्य काढून बघा. ही तिघं पुन्हा एकाच जागी भेटायला जवळपास सत्तावीस दिवस लागतात. रचना मात्र काही मिनिटांचीच. आपल्या कानाला आवर्तनाची आणि समेची सवय असते, आणि इथे आवर्तनं तीन असून सम एकही येत नाही. म्हणून अशा रचनेत सम शोधत बसू नका. एखादाच सूर धरा, तो परत येताना शेजारी दर वेळी वेगळं कोण असतं ते बघा. गिटारवर घरी करायचं असेल तर पाच, सात आणि नऊ सेकंदांचे तीन लूप घ्या. ते सव्वापाच मिनिटांनी एकत्र येतात. चार, सहा, आठ घेतलेत तर चोवीस सेकंदांतच सगळं उघडं पडतं.

ऐकण्याची तयारी. ईनोने १९७५च्या एका रेकॉर्डवर सुचवलं होतं की आवाज इतका कमी ठेवा की मधूनमधून तो ऐकूच येऊ नये. त्या रचनेला ते शोभतं. गिटार आणि टेपच्या संगीताला मी ते सांगणार नाही. इथे सळसळ हाच मापदंड आहे. ती ऐकू आली नाही तर सूर तिच्यात कधी विरला हे कळणार नाही. सूर नसताना सळसळ जेमतेम कानी यावी, एवढा आवाज ठेवा. हेडफोनवर जोड, टिचक्या आणि थर नीट दिसतात, पण आंदोलनं खोलीतल्या स्पीकरवर जास्त खुलतात. पहिल्यांदा हेडफोन, मग स्पीकर. प्लेअरमधलं आवाज समतोल करणारं सेटिंग बंद करा, ते मावळत्या सुराला उगाच वर खेचतं. सळसळ काढून टाकणारी फिल्टर्स तर अजिबात नकोत. कमी बिटरेटच्या, म्हणजे फार दाबून लहान केलेल्या, एमपीथ्रीत सळसळीचं पाणी होतं, ती डुबुकडुबुक वाजते. ते टेपचं वय नाही, फाइलचं आहे.

आणि घड्याळ एकदाच वापरा. एक ठळक, ताजा सूर निवडा, तो परत येईपर्यंत सेकंद मोजा. फेरी कळली. मग तोच सूर किती फेऱ्या ओळखू येतो ते मोजा. पाच-सहा फेऱ्यांनंतर तो इतरांखाली झाकला जाईल, मापाने अजून तिथे असला तरी. या दोन आकड्यांवरून टेपची लांबी आणि खुंटा कुठे होता याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. त्यानंतर घड्याळ उलटं ठेवा.

शेवटचा नमुना अकरा मिनिटांचा आहे. नवव्या मिनिटाला गिटार थांबते, नंतर वाजतं ते फक्त आत राहिलेलं. फेरी साडेसहा सेकंदांची आहे. दिवे कमी करतो. सळसळ थांबेपर्यंत टाळ्या नकोत. ती सुरांच्या बरीच नंतर थांबते.