मानसिक आजार ओळखताना डॉक्टर सारखं 'कधीपासून' का विचारतात?

नमस्कार मंडळी. आज जरा लांबण लागणारे, तेव्हा दीडपट स्पीडवर ऐकायचं असेल तर खुशाल ऐका, मला राग नाही.

विषय आहे मानसिक आजार. डिप्रेशन, अँक्झायटी, ओसीडी, बायपोलर, हे शब्द आता आपल्या तोंडात इतके बसलेत की मॅच हरली की डिप्रेशन, कुणी टेबल दोनदा पुसलं की ओसीडी आणि बॉस सकाळी हसला नि दुपारी खेकसला की बायपोलर. आणि लक्षणांची यादी वाचायला घेतली की अजून पंचाईत, कारण निम्मी लक्षणं आपल्यालाच आहेत असं वाटायला लागतं. झोप नीट लागत नाही, हो. चिडचिड होते, हो. कामात लक्ष नाही, अहो फोन हातात असताना कुणाचं असतं. मग आजार सुरू कुठून होतो?

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, मी पेशंट होते. आणि पेशंट म्हणून पहिल्यांदा गेले तेव्हा मला सगळ्यात वैताग कशाचा आला असेल तर डॉक्टर सारख्या तारखा विचारत होते. कधीपासून? रोज का? दिवसातून किती वेळ? त्याआधी कशा होतात? मी मनात म्हटलं, मी इथे रडतेय आणि यांचं कॅलेंडर चाललंय. नंतर कळलं की तेच तर त्यांचं स्टेथोस्कोप आहे.

कारण बघा, डिप्रेशन आहे की नाही हे सांगणारी ब्लड टेस्ट नाही, स्कॅन नाही. रक्त तपासतात ते दुसऱ्याच कारणासाठी, थायरॉइड मंदावलंय का, बी १२ कमी आहे का, हिमोग्लोबिन किती, कारण या गोष्टींमुळेही माणूस डिप्रेशनसारखाच गळून जातो. ते सगळं नॉर्मल आलं की मग उरतं काय, तर तुमची हकीकत आणि तिच्यातली वेळ.

डिप्रेशनपासूनच घेऊ. इथे मुदत आहे दोन आठवड्यांची. नऊ लक्षणं मोजतात, त्यातली किमान पाच हवीत, आणि त्या पाचात दोनपैकी एक असलंच पाहिजे, एकतर मन सतत उदास, नाहीतर आवडत्या गोष्टींमधली गोडीच गेलेली. बाकीची म्हणजे झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचाल मंदावणं किंवा उगाच अस्वस्थ येरझारा, आपण कुचकामी आहोत असं वाटणं आणि मरणाचे विचार. हे जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ. ती दुसरी गोष्ट, गोडी जाणं, ही फार फसवी असते. माणूस रडत नाही, उदास दिसतही नाही, फक्त गाणी ऐकायचं बंद करतो, फोन उचलत नाही, आणि विचारलं तर म्हणतो काही नाही रे, दमलोय. कित्येकांना तर मनाचं काही जाणवतच नाही, अंग दुखतं, पोट बिघडतं, पहाटे चारला टक्क जाग येते आणि सकाळ सगळ्यात जड जाते.

आता कुणी म्हणेल घरात माणूस गेलं तर दोन आठवडे काय, दोन महिने रडू येणारच, तो आजार का? नाही. दुःख लाटांसारखं येतं, मध्येच जुनी आठवण निघते आणि माणूस हसतोही, आणि मुख्य म्हणजे स्वतःबद्दल घाण वाटत नाही. डिप्रेशनमध्ये लाटा नसतात, सगळं सपाट असतं. अर्थात दुःखाच्या पोटी डिप्रेशनही येऊ शकतं, म्हणून नुसत्या कारणाकडे बघून 'साहजिकच आहे' म्हणून सोडून द्यायचं नसतं.

आता माझं प्रकरण, पॅनिक. इथे घड्याळ मिनिटांचं आहे. छातीत धडधड, हातपाय थंड, श्वास पुरत नाही, आता मी मरणार किंवा वेडी होणार अशी खात्री, आणि हे सगळं काही मिनिटांत कळसाला पोचतं आणि मग ओसरतं. पहिल्यांदा झालं तेव्हा ईसीजी काढला, नॉर्मल आला, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं 'तुम्हाला काहीही झालेलं नाही'. हे वाक्य मला आजही खुपतं, कारण झालेलं होतं, फक्त हृदयाला झालेलं नव्हतं. (पहिल्या वेळी हृदय तपासून घ्याच बरं का, अंदाजपंचे पॅनिक समजू नका.)

पण एक अटॅक म्हणजे पॅनिक डिसऑर्डर नाही. आजार म्हणायला मुदत अटॅकनंतरच्या महिन्याची आहे. अटॅक अचानक, पुन्हा पुन्हा यायला हवेत, आणि त्यानंतर महिनाभर किंवा जास्त 'परत आला तर' या भीतीत माणूस जगत असला किंवा त्या भीतीने गोष्टी टाळायला लागला, तर. मी आधी लिफ्ट सोडली, मग गर्दी, मग एकटीने बाहेर पडणं. प्रत्येक वेळी टाळलं की बरं वाटायचं आणि मेंदू शिकायचा की बघ, टाळलं म्हणून वाचलीस. जग असं आक्रसत जातं. जनरलाइज्ड अँक्झायटी म्हणतात तिथे अटॅक नाही, बारीक आचेवर सतत काळजी, कामाची, तब्येतीची, पोरांची, पैशाची, आणि तिथे मुदत लांब आहे, सहा महिने.

ओसीडी म्हणजे नको असलेले विचार पुन्हा पुन्हा येणं आणि ते शमवायला तीच ती कृती करत राहणं, त्यात विचारतात दिवसातला किती वेळ जातो. साधारण तासभर किंवा जास्त जात असेल, किंवा त्याने कामधंदा, नाती अडत असतील, तर ते आजारात जमा. टापटिपीची आवड आणि ओसीडी यांचा फारसा संबंध नाही हो. आवड असणाऱ्याला पुसून झालं की समाधान मिळतं, ओसीडीवाल्याला मिळतच नाही, तिथेच खरी मेख आहे. आणि हात धुणं, कुलूप तपासणं हे दिसतं म्हणून माहीत तरी आहे, काहींना नुसते विचार येतात, मी माझ्या बाळाला इजा करीन की काय, देवाबद्दल मनात शिवी आली आता काय होईल, आणि ज्याला हे विचार येतात त्याला त्यांची अक्षरशः किळस येत असते. तो बाळाला उचलून घ्यायचं टाळतो, मनातल्या मनात शंभर वेळा माफी मागतो आणि वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं तर लोक काय समजतील. यावरची थेरपी ऐकायला क्रूर वाटते, कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. भीती वर चढते, चढते, आणि मग न धुताच आपोआप उतरायला लागते. हळूहळू, सोप्यापासून अवघडाकडे, थेरपिस्टच्या सोबतीने. घरी कुणाला जबरदस्तीने करायला लावू नका.

बायपोलर म्हणजे मन काही काळ खूप वर, काही काळ खूप खाली, आणि तिथे तर तारखांवाचून निदानच हुकतं. माणूस डॉक्टरकडे जातो कधी, तर खाली पडल्यावर. वर असताना कोण जाईल, तेव्हा तर तो जगाचा राजा असतो. मग समोर दिसतं निव्वळ डिप्रेशन. म्हणून डॉक्टर मागचे दिवस उकरतात, असे दिवस कधी आले होते का की तीन तास झोपून तुम्ही टवटवीत होतात, बोलणं थांबत नव्हतं, डोक्यात एकाच वेळी दहा धंदे सुरू होते, पैसे उधळले? सलग आठवडाभर असं असलं तर मॅनिया, किमान चार दिवस आणि जरा सौम्य असलं तर हायपोमॅनिया. सकाळी हसून दुपारी खेकसणारा बॉस यात कुठेच बसत नाही. आणि हे विचारणं का महत्त्वाचं, तर बायपोलरला डिप्रेशन समजून नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर तो माणूस थेट मॅनियात उडू शकतो.

इथलं जुनं औषध लिथियम. बॅटरीत असतं तेच मूलद्रव्य, औषधात त्याचा क्षार असतो. ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी १९४९ साली त्याचा मॅनियावरचा परिणाम छापला. ते वेगळंच काहीतरी शोधत होते, गिनीपिगला लिथियम टोचलं तर ते प्राणी शांत पडून राहिले, त्यावरून पुढचं सगळं. आजही ते वापरतात, फक्त उपयोगी डोस आणि विषारी डोस यात अंतर कमी, म्हणून रक्तातली पातळी, किडनी आणि थायरॉइड ठरावीक काळाने तपासत राहावं लागतं.

स्किझोफ्रेनिया. आधी एक गैरसमज. एका माणसात दोन माणसं, हे स्किझोफ्रेनिया नाही. घोळ नावाने केलाय, १९०८ साली ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी हा शब्द आणला, त्याचा अर्थ दुभंगलेलं मन, पण त्यांना म्हणायचं होतं विचार, भावना, वागणं यांचा एकमेकांशी सांधा तुटलेला. प्रत्यक्षात दिसतं ते असं, कुणी नसताना आवाज ऐकू येणं, लोक माझ्या वाईटावर आहेत अशी पुराव्याने न हलणारी खात्री, बोलण्याचा धागा सुटणं. ही लक्षणं महिनाभर तरी जोरात, आणि एकूण गडबड सहा महिने. काही दिवसांत येऊन महिन्याच्या आत पूर्ण बरा होणारा प्रकारही असतो, त्याला वेगळं नाव आहे. पण खरं सांगू का, घरच्यांना आवाजांपेक्षा जास्त छळतं ते दुसरं, पोरगा अंघोळ करत नाही, मित्र तुटले, चेहऱ्यावर काही उमटत नाही, आणि सगळे म्हणतात आळशी झालाय. बहुतेक वेळा हे विशीच्या आसपास सुरू होतं म्हणून वयावर ढकललं जातं, आणि इथे उशीर महाग पडतो, उपचाराविना गेलेला काळ जितका लांब तितकं सावरणं अवघड. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन वापरात आलं, तिथून या आजारावर औषधं सुरू झाली. रोज गोळी विसरणाऱ्यांसाठी आता महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही आहेत. वजन वाढणं, अंग आखडणं, झोप येणं हे त्रास होतात, ते डॉक्टरांना सांगायचे, गुपचूप गोळी थुंकायची नाही.

आता औषधांचं कॅलेंडर, आणि जास्तीत जास्त लोक इथेच घसरतात. डिप्रेशन, अँक्झायटीत बहुतेकदा सरट्रॅलिन, एस्सिटालोप्रॅम या जातीची गोळी देतात. तिचा उलटा हिशोब आहे, त्रास पहिल्या आठवड्यात, मळमळ, डोकेदुखी, कधी अस्वस्थपणा वाढणं, आणि फायदा दोन ते सहा आठवड्यांनी. ओसीडीत तर दहा बारा आठवडेही लागतात. त्यामुळे माणूस दहाव्या दिवशी म्हणतो उपयोग शून्य आणि वर मळमळ, द्या सोडून. मीसुद्धा सोडली होती, लपवत नाही. कोवळ्या वयात, म्हणजे साधारण पंचविशीच्या आत, सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढताहेत का याकडेही लक्ष ठेवावं लागतं. दुसरी घसरण बरं वाटल्यावर. बरं वाटल्यानंतर अजून किमान सहा महिने गोळी चालू ठेवायला सांगतात, आणि बंद करताना हळूहळू कमी करत, नाहीतर चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं, चिडचिड.

सवय लागते का? लोक दोन वेगळ्या गोळ्या एकाच टोपलीत घालतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या अर्ध्या एक तासात शांत करतात, आणि सवय लागते ती यांची, म्हणून त्या थोड्या दिवसांसाठीच. आधीच्या सरट्रॅलिनसारख्या गोळ्यांची तशी तलफ लागत नाही.

शॉक ट्रीटमेंटबद्दल थोडक्यात, १९३८ साली रोममध्ये सुरू झाली तेव्हा भूल नव्हती, आता भूल देऊन, स्नायू सैल करून देतात, आणि माणूस खाणंपिणं सोडून बसलाय, स्वतःच्याच जिवावर उठलाय, तेव्हा गोळ्यांपेक्षा लवकर काम करते. त्या दिवसांच्या आठवणी पुसट होतात, हे खरं आहे.

आणि आता मी आत्तापर्यंत जे बोलले त्याला एक अपवाद. कुणी मरायचं बोलतंय, आवाज त्याला काही करायला सांगताहेत, दोन तीन रात्री अजिबात झोपला नाही आणि उधळलाय, बाळंतपणानंतर आई विचित्र बोलायला लागलीये, तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात. 'तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का' असं सरळ विचारा, विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बरेचदा माणूस सुटल्यासारखा बोलतो.

बाकीच्यांनी पहिल्यांदा जाताना एक कागद न्या. कधी सुरू झालं, त्याआधी कसे होतात, रोज की अधूनमधून, झोप किती तास, काय काय करणं बंद झालं, घरात आणखी कुणाला होतं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, दारू किंवा आणखी काही किती, खोटं नको. माझ्या कागदावर पहिली ओळ होती 'लिफ्ट, मार्चपासून'. डॉक्टरांनी तीच वाचली आणि विचारलं, आज वर कशा आलात? म्हटलं जिन्याने, पाच मजले.