आतषबाजीचे फोटो: साध्या कॅमेऱ्यावर नेमकं काय सेट करायचं?

नमस्कार मंडळी. आतषबाजीचे फोटो दोन प्रकारे फसतात. एक तर सगळी फुलं पांढरीफटक येतात, नाहीतर सगळंच हललेलं. दोन्ही वेळा बहुधा कॅमेरा ऑटोवर असतो. ऑटोला समोर दिसतं काळं आकाश, म्हणून तो आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) चढवतो, आणि तेवढ्यात फूल फुटतं.

तेव्हा डायल मॅन्युअलवर न्या. फ्लॅश बंद.

(स्क्रीनवर: आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, शटर २ ते ५ सेकंद)

आता हे आकडे का, ते बघू. ठिणगी एका जागी थांबत नाही. ती सरकत जाते, त्यामुळे सेन्सरवरच्या कुठल्याही एका बिंदूवर तिचा उजेड क्षणभरच पडतो, मग शटर दोन सेकंद उघडं असो की दहा. रेघ किती उजळ दिसणार हे ठरवतात अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा जितका मोठा, तितकं ते लहान) आणि आयएसओ. शटरच्या वेळेवर अवलंबून असतं ते रेघ किती लांब येणार, एका फ्रेममध्ये किती फुलं मावणार आणि मागचं आकाश किती उजळणार. म्हणून रेघा जळल्या, म्हणजे रंग जाऊन पांढऱ्याफटक झाल्या, तर शटर कमी करून काही होत नाही. एफ/११ वरून एफ/१६ वर जा. पांढरी, चंदेरी फुलं सगळ्यात प्रखर असतात, ती आधी जळतात. तांब्याच्या संयुगांमुळे येणारा निळा रंग मात्र मंद असतो, त्याला एफ/८ बरं.

हे तपासताना कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फार भरवसा ठेवू नका. अंधारात ती जास्तच उजळ वाटते. फुलाच्या मधोमध झूम करा आणि रंग शिल्लक आहे का बघा.

शटर कधी दाबायचं? शक्य असेल तर बल्ब मोड (बटण दाबून ठेवाल तोवर शटर उघडं) आणि वायरचा रिमोट. वर चढणारी शेपटी दिसली की दाबायचं, पाकळ्या विझत आल्या की सोडायचं. फूल दिसल्यावर दाबलंत तर मधला गाभा हुकतो. रिमोट नसेल तर शटर ४ सेकंदांवर ठेवा आणि बोटानं अलगद दाबा. सुरुवातीचा बारीक हादरा बहुतेक काळ्या आकाशावरच जातो. दोन सेकंदांचा टायमर इथे बिनकामाचा, कारण तेवढ्या वेळात फूल संपतं.

एकाच फ्रेममध्ये तीन-चार फुलं हवी असतील तर शटर उघडंच ठेवा आणि मधल्या वेळात लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरा, लेन्सला न टेकवता. फुलं एकाच जागी फुटत असतील तर दोनवरच थांबलेलं बरं. तिसरं आलं की नुसता पांढरा ढीग होतो. शेवटच्या भडिमारालाही हेच लागू: एफ/१६ आणि जेमतेम एक सेकंद.

फोकस कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच उरकून घ्या. लांबचा दिवा स्क्रीनवर मोठा करून फोकस करा, मग मॅन्युअल फोकसवर टाका. रिंग टोकापर्यंत फिरवू नका, बऱ्याच लेन्स अनंताच्याही पुढे जातात.

मेनूमध्ये लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (जास्त वेळ शटर उघडं ठेवलेल्या फोटोतले ठिपके काढणारी सोय) बंद करा. ते चालू असलं की ४ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ४ सेकंद अडकून बसतो. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशनही (हाताचा हादरा सावरणारी सोय) बंद. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल ठरवणारं सेटिंग) डेलाइटवर, नाहीतर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येईल.

धुराला कुठलंच सेटिंग नाही. वारा तुमच्या पाठीवर येईल अशी जागा धरा, म्हणजे धूर तुमच्यापासून लांब जाईल. सुरुवातीची मिनिटं सोडू नका, तेव्हा आकाश सगळ्यात स्वच्छ असतं.

आता फोन. नाइट मोड टाळा. तो अनेक फ्रेम जोडतो, त्यात रेघा तुटू शकतात. प्रो मोड, सगळ्यात कमी आयएसओ, फोकस अनंतावर, शटर १ ते २ सेकंद, आणि फोन स्टँडवर. अडचण अशी की बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर एफ/१.८ च्या आसपास असतं आणि ते बदलता येत नाही, म्हणून रेघा लवकर जळतात. अशा वेळी राखाडी काचेचा गॉगल लेन्सला चिकटवून धरा. तपकिरी काच नको, ती निळा रंग खाते.